मध्य प्रदेशातलं जुनं वॉरंट इथून रद्द होतं का? लवकर सांगा

चोपडेकर: वडिलांच्या नावाने सेंधवा कोर्टाचं वॉरंट आहे. काल हवालदार घरी येऊन गेले, म्हणाले तिकडचे पोलीस कधीही येतील. वडील ६८ वर्षांचे, शुगर आहे. चोपड्याच्या कोर्टातून रद्द होईल का? माहिती असेल त्यानेच लिहा.

तापीकाठ: कलम कोणतं? जामीन झाला होता का? काहीच सांगितलं नाही तर कोण काय सांगणार भाऊ?

शिरपूर_ट्रान्सपोर्ट: सरळ लोकअदालतीत जा. आमच्या ड्रायव्हरचं तिथेच मिटलं.

तापीकाठ: तुमचा चेक बाउन्स असेल. तो तडजोडीने मिटतो, सगळं नाही मिटत.

शिरपूर_ट्रान्सपोर्ट: चेकचंच होतं. पण विचारायला काय जातं?

सातपुडा७२: हवालदार खरेच होते ना? हल्ली व्हिडिओ कॉलवर वॉरंट दाखवून पैसे उकळतात. तसं काही असेल तर सायबर फसवणुकीच्या १९३० ला फोन करा.

चोपडेकर: अहो, हवालदार ओळखीचे आहेत. अपघाताची केस आहे, २०११ ची. वडील केळीच्या ट्रकवर ड्रायव्हर होते, बिजासन घाटात मोटारसायकलवाला गेला. जामीन तेव्हाच झाला. मालक म्हणाला तारखा मी बघतो, पुढे त्याने गाडी विकली. घरात जामिनाचा एक कागद आहे, त्यावर २७९, ३०४-अ लिहिलंय. वॉरंटवर 'स्थायी' असा शिक्का आहे म्हणे.

भुसावळकर: औरंगाबाद खंडपीठातून ट्रान्झिट जामीन घ्या, म्हणजे तिकडच्या कोर्टात पोचेपर्यंतचा तात्पुरता अटकपूर्व जामीन. आमच्या साडूने घेतला होता.

वकील_धुळे: २७९ म्हणजे बेदरकार गाडी चालवणं, ३०४-अ म्हणजे निष्काळजीपणाने मृत्यू. दोन्ही जामीनपात्र आहेत, त्यांना अटकपूर्व जामीन लागतच नाही. उगाच खर्चात पाडू नका त्यांना. चोपडेकर, ज्या कोर्टाने वॉरंट काढलं तेच रद्द करतं. आधी हे फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ७० होतं, १ जुलै २०२४ पासून नागरिक सुरक्षा संहितेचं ७२. पोलिसांनी इथे धरलंच, तर आधी जवळच्या मॅजिस्ट्रेटपुढे न्यावं लागतं. गुन्हा जामीनपात्र असल्याने ते जामीन घेऊ शकतात. पण जुना जातमुचलका, म्हणजे तारखेला हजर राहण्याचं लेखी वचन, मोडलाय, त्यामुळे सेंधव्याचं कोर्ट जामीन नाकारूही शकतं. म्हणून धरून नेण्याआधी आपण होऊन हजर झालेलं बरं. स्थायी, म्हणजे माणूस सापडेपर्यंत चालू राहणारं, वॉरंट निघालं की फाईल बहुतेक रेकॉर्ड रूमला जाते. तिकडचा वकील लावून आधी ती काढायचा अर्ज द्या. फाईल कोर्टापुढे आली की वडिलांना न्या आणि हजर होणं, वॉरंट रद्द करणं, जामीन, हे तिन्ही अर्ज एकाच दिवशी द्या. शुगरचे रिपोर्ट सोबत ठेवा.

सातपुडा७२: मयताच्या घरच्यांना भरपाई मोटार अपघात न्यायाधिकरणातून मिळते, विमा कंपनी देते.

तापीकाठ: ते विचारलंय कोणी? जामीनदाराचं बोला. तिकडे आपला सातबारा चालत नाही, ऋण पुस्तिका, म्हणजे मध्य प्रदेशातलं शेतजमिनीचं पुस्तक, मागतात. आमचा माणूस त्यासाठी संध्याकाळपर्यंत कोर्टात बसून होता.

वकील_धुळे: स्थानिकच जामीनदार हवा असा हट्ट धरता येत नाही. मोती राम विरुद्ध मध्य प्रदेश, सुप्रीम कोर्ट, १९७८.

तापीकाठ: साहेब, निकाल बरोबर आहे, पण तो दाखवून वाद घालेपर्यंत कोर्ट उठतं. जामीनदार सोबतच न्यावा.

चोपडेकर: वडिलांचे मावसभाऊ तिकडेच मध्य प्रदेशात वरल्याला शेती करतात, त्यांच्याकडे पुस्तिका असेल. पण आधीचा जामीनदार ट्रकमालकाचा माणूस होता, त्याचं काय?

वकील_धुळे: त्याला बंधपत्राच्या रकमेची नोटीस निघाली असेल. ते त्याचं वेगळं प्रकरण. वकिलाची फी झेपत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाला १५१०० वर फोन करा.

चोपडेकर: काकांना आत्ताच फोन लावतो. सेंधव्यात फौजदारी बघणारा वकील कोणाच्या ओळखीत असेल तर मेसेज करा.