मदत हवी आहे: सोसायटीच्या शेतकरी बाजारासाठी हंगामी भाज्यांचा फलक करायचा आहे

नमस्कार मंडळी,

डोंबिवलीत आमच्या भागातल्या काही सोसायट्या मिळून दर रविवारी सकाळी शेतकरी आठवडे बाजार भरवतात. २०१६ मध्ये फळं-भाजीपाला बाजार समित्यांच्या नियमनातून मोकळा झाला, म्हणजे तो समितीबाहेर थेट विकता येऊ लागला, पणन मंडळाचं सावता माळी यांच्या नावाचं आठवडे बाजार अभियानही त्याच वर्षी सुरू झालं, आणि मग शहरांतून असे बरेच बाजार उभे राहिले. आमचा त्यातला लहानसाच. मुरबाड-शहापूरकडच्या कातकरी आणि ठाकर बायका पाट्या घेऊन येतात, जुन्नर आणि पुरंदरकडचे शेतकरी गट टेम्पो आणतात. व्यवस्था बघणाऱ्या स्वयंसेवकांत मी आहे.

अडचण पावसाळ्यात येते. लोक बाजारात शिरले की पहिला प्रश्न "फ्लॉवर नाही का?" आणि दुसरा "सिमला मिरची कुठे मिळेल?" समोर टाकळा, फोडशी, कुर्डू, शेवळं अशा रानभाज्या मांडलेल्या असतात, पण तिकडे नजरही जात नाही. गेल्या पावसात या बायका दुपारी अर्ध्या भरलेल्या पाट्या डोक्यावर घेऊन कल्याणच्या एसटी स्टँडकडे निघाल्या. पहाटे अंधारात रानात जाऊन खुडलेली भाजी ती. संध्याकाळपर्यंत मान टाकते आणि मग फेकूनच द्यावी लागते. मला हे फार लागलं.

घेणाऱ्यांचा दोष आहे असं मला वाटत नाही. त्यांना कुणी सांगितलेलंच नाही. एका कुटुंबाने शेवळं नेली, त्यांत काकडं (शेवळांसोबत घालायची आंबट रानफळं) घातली नाहीत, घशाला खाज सुटली. त्यांनी सोसायटीच्या ग्रुपवर "ही भाजी विषारी आहे" असं लिहिलं. पुढच्या रविवारी शेवळांना कुणी हात लावला नाही. विकणाऱ्या मावशी काकडं सोबत घेऊनच बसल्या होत्या, पण ती कशासाठी हे कुणी विचारलं नाही आणि त्यांनाही बोलायचा संकोच.

यंदा मृगाच्या आधीच मोठा फलक तयार ठेवायचा आहे. कुठली भाजी कधी येते, घरी नेल्यावर तिचं काय करायचं, एवढं त्यावर हवं. तुमच्याकडून मदत हवी आहे ती अशी:

फलक इंग्रजी महिन्यांप्रमाणे करावा का? मी तसा करायला घेतला होता, पण पाऊस लांबला की जूनचा रकाना कोरडा राहतो आणि लोक म्हणतात, "लिहिलंय, पण आहे कुठे?"

शेवळांसारख्या खाजऱ्या भाज्यांसाठी सोप्या शब्दांत काय लिहावं? भीतीही वाटू नये आणि निष्काळजीपणाही होऊ नये.

आणि सगळ्यांत नाजूक प्रश्न. काही रहिवाशांचं म्हणणं आहे की शेतकऱ्यांनी वाशीच्या बाजारातून फ्लॉवर, सिमला मिरची आणून ठेवावी, म्हणजे गिऱ्हाईक टिकेल. माझं मन याला तयार नाही, पण विरोध करताना माझ्याकडे नीट मांडता येईल असं कारण हवं.

जाणकारांनी कृपया लिहावं.

– धागाकर्ती

आलेले प्रतिसाद:

मुरबाडची लेक

ताई, महिने सोडा, नक्षत्रं धरा. आमच्याकडे आजही भाजीचा हिशेब तसाच होतो. मृग लागतो ७-८ जूनला, पण खरी खूण पहिल्या दमदार पावसाची. तो पडला की काही दिवसांत शेवळं जमिनीतून वर येतात आणि दोन-तीन आठवड्यांत संपतात. वर्षभर पुन्हा दिसत नाहीत. आर्द्रा लागेपर्यंत (जूनच्या अखेरीस) टाकळा खुडण्याजोगा होतो, दिंड्याचे कोंब, फोडशी, भारंगीची कोवळी पानं यायला लागतात. पुनर्वसू-पुष्यात (जुलैत) कुर्डू आणि करटोली. मघा-पूर्वांपर्यंत (ऑगस्ट-सप्टेंबर) गावठी काकडी, चिबूड, शिराळी, पडवळ यांचा भर असतो. हस्त सरला (ऑक्टोबर) की ओल्या भुईमुगाच्या शेंगा, आणि थंडी पडली की वालपापडी.

फलकावर तारखेऐवजी "पहिल्या पावसानंतर", "भात लावणीच्या वेळी", "गणपतीच्या सुमारास" असं लिहा. कुणाचा अंदाज चुकणार नाही.

शेवळांबद्दल. शेवळ म्हणजे सुरणाच्या जातीच्या रानटी कंदाचा फुलोरा, उमलायच्या आत खुडलेला. सुरणासारखेच त्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात, ते घशाला टोचतात म्हणून खाज. विष नाही ते. हाताला तेल लावून वरचं आवरण सोलायचं, आतल्या दांड्यावरचा पिवळा दाणेदार भाग काढून टाकायचा, उरलेलं बारीक चिरून तेलात चांगलं परतायचं. मग काकडं ठेचून, बिया काढून, त्यांचं आंबट पाणी घालून मऊ होईपर्यंत शिजवायचं. काकडं मिळाली नाहीत तर चिंचेचा कोळ सढळ हाताने. कच्चट ठेवायची नाही आणि चव बघायची ती पूर्ण शिजल्यावरच. एवढं पाळलं की सहसा त्रास होत नाही. आमच्याकडे लहान मुलंसुद्धा खातात.

एक विनंती माझ्याकडून. मावशींना सांगा, शेवळं आणि काकडं एकाच वाट्यात बांधून द्यायची. वेगळी ठेवली की शहरातला माणूस काकडं मागेच सोडून जातो.

सासवडचा मळेकरी

तिसऱ्या प्रश्नावर मी बोलतो, कारण हे आम्ही भोगलंय. आमचा गट दुसऱ्या एका शहरातल्या बाजारात जायचा. तिथे "गिऱ्हाईक टिकवायला" बाजार समितीतला माल ठेवायची मुभा दिली गेली. हळूहळू निम्म्या टेबलांवर व्यापारी बसले. त्यांना सगळ्या भाज्या सगळ्या दिवशी मिळतात, आम्हाला नाही. आम्ही त्यांच्याशी दरात कसे टिकणार? शेवटी आम्हीच तिथून उठलो. ताई, हेच कारण रहिवाशांपुढे मांडा. बाहेरचा माल आला की पहिल्यांदा पाटीवाली बाई जाते, मग आमच्यासारखा लहान शेतकरी, आणि मग तो बाजार शेतकऱ्यांचा राहत नाही.

मधला रस्ता आहे. शेतकरी गटांना आपापसांत माल आणू द्या. जुन्नरवाल्याचा टोमॅटो माझ्या टेबलावर चालेल, पण त्यापुढे गावाचं नाव लिहिलेलं हवं. "कुणाच्या शेतातला" हे सांगता आलं पाहिजे, एवढी एकच अट ठेवा.

आणि फलकात गाव घालाच, कारण हंगाम गावागणिक वेगळा. पुस्तकात मटार हे थंडीचं पीक. आमच्या पुरंदरचा मटार पावसाळ्यात येतो, जूनमध्ये पेरलेला ऑगस्ट-सप्टेंबरला तोडायला. लोक विचारतात, "एवढ्या लवकर मटार कसा, कुठल्या शीतगृहातला?" दर वर्षी समजावून सांगावं लागतं. सीताफळ पावसाच्या शेवटापासून दिवाळीपर्यंत मुबलक. अंजीर मीठ्या बहाराचं घ्या, मार्च-एप्रिलमधलं, ते गोडीला सरस.

कांद्यासाठी वेगळी चौकट करा. सगळ्यांत जास्त तक्रारी त्याच्याच असतात. खरिपाचा लाल कांदा दिवाळीच्या मागेपुढे येतो. पाणीदार असतो, टिकत नाही, आठवड्यापुरताच न्यावा. नंतर रांगडा, म्हणजे खरीप आणि उन्हाळी यांच्या मधला. उन्हाळी कांदा मार्च-एप्रिलपासून निघतो, नीट वाळवलेला असेल तर कांदाचाळीत चार-सहा महिने राहतो, साठवायचा तो हाच. लोक नोव्हेंबरात दहा किलो लाल कांदा नेतात आणि तो सडला की आमच्याशी भांडतात. चूक हंगामाच्या माहितीची आहे, कांद्याची नाही.

दादरच्या काकू

नक्षत्रं छान, पण तुमच्याकडच्या नवीन जोडप्यांना आश्लेषा-मघा ठाऊक असतील का गं? सण मात्र सगळ्यांना ठाऊक असतात. आपल्या सणांनी हंगाम बांधूनच ठेवलाय. ऋषिपंचमीची भाजी बघ: अळू, लाल माठ, शिराळं, भेंडी, मक्याचं कणीस, सुरण, भोपळा. भाद्रपदात परसात जे पिकतं तेच त्यात, बैलाच्या मेहनतीचं काही नाही. भोगीच्या भाजीत वालपापडी, ओला हरभरा, गाजर, वांगी, पावटा, बोरं. म्हणजे पौषातला आख्खा बाजार एका कढईत. महाशिवरात्रीला रताळी. चंपाषष्ठीला वांग्याचं भरीत, कारण चातुर्मासात वर्ज्य असलेली वांगी तेव्हा भरात आलेली असतात. सणाच्या आदल्या रविवारी त्या भाजीच्या सगळ्या जिनसा एकत्र बांधून ठेवा, सुट्ट्या गोळा करायला कुणाला वेळ नसतो.

शेवळांना आमच्या सीकेपी (चांद्रसेनीय कायस्थ प्रभू) घरांत मान आहे. कोलंबी घालून करतात, खिमा घालूनही. पाककृती फलकावर लिहू नकोस, लांबेल. छोट्या चिठ्ठ्या छापून वाट्यासोबत दे.

वनस्पती-अभ्यासक

दोन गोष्टी सुचवतो. एकाच भाजीला तालुक्यागणिक वेगळं नाव असतं. फोडशीला कुठे कुलू, कुठे कोलीभाजी म्हणतात. त्यामुळे फलकावर फोटो हवाच, आणि विकणारी जे नाव घेते ते आधी लिहा. दुसरं म्हणजे खुडण्याचं. शेवळाचा फुलोरा खुडला तरी कंद जमिनीत राहतो, पण सगळेच फुलोरे गेले तर बी धरत नाही. मागणी वाढली की जास्त खुडलं जातं. बायकांना हे आपल्यापेक्षा नीट कळतं, त्या थोडी राखूनच आणतात. "एवढीच का आणली?" म्हणून त्यांच्यावर जोर करू नका.

रानातली अळंबी मात्र ओळखीच्या, नेहमीच्या बाईकडूनच घ्या. खात्री नसेल तर घेऊच नका. फोटोवरून अळंबी ओळखायला जाऊ नये.

ऑगस्टमध्ये जागतिक आदिवासी दिनाच्या, म्हणजे ९ तारखेच्या सुमारास कृषी विभाग जिल्ह्यांत रानभाजी महोत्सव भरवतो. तुमच्या तालुका कृषी अधिकारी कार्यालयात आत्ताच बोलून ठेवा, माहितीसाठी उपयोग होईल.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. काकू आणि मुरबाडच्या ताई, दोघींचं एकत्र करते. पावसाळी भाग पावसाच्या खुणांप्रमाणे, बाकीचा सणांप्रमाणे. भाजीच्या नावासमोर गाव. कांद्याची चौकट तर मी आधी विचारातच घेतली नव्हती. दादा, वाशीच्या मालाबद्दल तुमचा अनुभव येत्या बैठकीत तुमच्या परवानगीने वाचून दाखवीन.

अजून एक विचारायचं राहिलं. बायका वाट्याने आणि जुडीने विकतात. काही जण किलोचा भाव मागतात आणि काटा ठेवा म्हणून हट्ट धरतात. काय करावं? शिवाय करटोलीच्या बिया काढायच्या की ठेवायच्या, हे सतत विचारलं जातं.

मुरबाडची लेक

काटा लादू नका ताई. पालेभाजी ओली असते, वजनात पाणीच जातं, आणि बाईला भाव कापायला लावायचं ते निमित्त होतं. त्यापेक्षा लिहा: "एक वाटा, दोन माणसांना एक वेळ." फोडशी-टाकळ्याची जुडी शिजल्यावर मूठभर होते, हेही लिहा, म्हणजे लोक दोन नेतील. टाकळ्याची कोवळी पानंच घ्यायची. फोडशीच्या बुडाचा पांढरा दांडा काढून टाकायचा आणि चार पाण्यांनी धुवायची, माती फार असते. भारंगी कडू, उकडून पाणी टाकायचं आणि वाल घालून करायची. बांबूचे कोंब विकायला आले तर त्यांच्या पाटीवर मोठ्या अक्षरात लिहा: चिरून रात्रभर पाण्यात ठेवा, उकडा, पाणी फेका, मगच भाजी. ही पायरी कुणी गाळता कामा नये.

करटोली कोवळी, हिरवी असतील तर बियांसकट चिरा. दाबून बिया टणक लागल्या तर काढून टाका. पिवळी पडलेली घेऊ नका.

दादरच्या काकू

आणि करटोली महाग का असं विचारलं, तर सांग की वेलीत नर-मादी वेगळे असतात, नर वेल जवळ नसेल तर फळ धरत नाही. लोकांना कारण कळलं की घासाघीस कमी होते, हा माझा अनुभव. फलक झाला की फोटो इथे टाक, शुद्धलेखन मी तपासून देते.