स्मित करा, हसा, की 'स्माइल' द्या?

शब्दवेडी: ज्येष्ठांच्या आरोग्यावरच्या एका पत्रकाचा अनुवाद करते आहे. मुद्दा असा: भेटेल त्याला स्माइल द्या आणि दिवसातून एकदा तरी मोठ्याने हसा. पहिल्या भागाला काय लिहू? 'स्मित करा' फार पुस्तकी वाटतं. 'हसा' दोनदा लिहिलं तर फरकच कळत नाही.

रानवारा: फोटोवाला 'जरा हसा' म्हणतो तेव्हा कुणी खो खो हसत नाही. 'ओळखीचं कुणी दिसलं की हसा, आणि रोज एकदा तरी पोटभर हसा.' झालं.

पंतोजी: 'स्मित'चं एवढं वावडं का? नाट्यशास्त्रात हसण्याचे सहा प्रकार आहेत: स्मित, हसित, विहसित, उपहसित, अपहसित, अतिहसित. स्मितात दात दिसत नाहीत. इतकी बारीक छटा घरात असताना उसना शब्द कशाला?

रानवारा: स्मिता घरोघरी आहेत, पण 'स्मित कर' असं कुठल्या घरात म्हणतात? आमची आई म्हणायची, 'गालातल्या गालात काय हसतोस?'

पंतोजी: त्यात काहीतरी लपवलेलं असतं. शेजाऱ्याला बघून हसणं तसं नव्हे.

हसरा चाफा: मुंबईत १९९५ साली डॉ. मदन कटारियांनी हास्यक्लब सुरू केला, तसाच आमच्या बागेतही चालतो. गुडघे धरलेल्या काकू खुर्चीत बसून हात वर करतात, 'हो हो, हा हा' म्हणतात. आधी सगळं ओढूनताणून. मग एकमेकींची तोंडं बघून खरंच हसू फुटतं. नंतर श्वास मोकळा होतो, घरी जाताना गप्पा थांबत नाहीत. हसू 'फुटतं' किंवा 'येतं', ते करता येत नाही. कुणाचं 'हसं करणं' तर भलतंच!

नगरकर फिजिओ: अगदी बरोबर. ड्युशेन या फ्रेंच डॉक्टरने १८६२ मध्येच लिहिलंय की ओठांचे कोपरे ठरवून वर नेता येतात, पण डोळ्यांभोवतीचा स्नायू सहजासहजी ऐकत नाही. आपण म्हणतोच ना, 'त्याचे डोळे हसतात'.

पंतोजी: 'विनोद' शब्दही बघा. वि + नुद्, म्हणजे दूर सारणे. शीण दूर सारतो तो विनोद. आरोग्याचा अर्थ शब्दातच आहे.

रानवारा: पण 'काव्यशास्त्रविनोदेन' या संस्कृत सुभाषितातला विनोद म्हणजे मन रमवणं, हसवणं नव्हे. आजचा अर्थ वापरातून आला. वापराला मान द्या, एवढंच म्हणतोय.

नीलमोहर: मला वेगळंच खुपतंय. खिदळणे, दात काढणे, फिदीफिदी हसणे: हे शब्द आम्ही ऐकले ते ओरडा खातानाच. मोठ्याने हसले की आजी म्हणायची, 'खिदळू नकोस, चार माणसं बसलीत.' भाऊ तसाच हसला तर त्याला 'खिदळतोय' कुणी म्हणत नसे. मोकळ्या हसण्याने बरं वाटतं हे खरं असेल, तर बाईच्या मोठ्या हसण्याला कौतुकाचा शब्द कोणता?

हसरा चाफा: 'खळखळून'?

नीलमोहर: तो सगळ्यांचाच झाला.

पंतोजी: माझ्या मते 'खिदळणे' हा ध्वन्यनुकारी शब्द आहे, त्यात मूळचा दोष नाही.

नीलमोहर: दोष मूळचा नसेल. आम्हाला तो ऐकवला कसा जायचा, ते सांगतेय.