मदत हवी आहे: बेन्झिनचे स्थैर्य मोजताना तुलना कशाशी करावी?

बारावीला बेन्झिन शिकवताना मी हायड्रोजनीकरणाच्या (दुहेरी बंधाला हायड्रोजन जोडताना बाहेर पडणाऱ्या) उष्णतेचा आधार घेते: एकच दुहेरी बंध असलेल्या सायक्लोहेक्झीनमधून प्रतिमोल सुमारे १२० किलोज्यूल उष्णता बाहेर पडते, म्हणून तीन दुहेरी बंधांसाठी ३६० अपेक्षित असताना बेन्झिनमधून प्रत्यक्षात सुमारे २०८ च मिळते, आणि उरलेल्या १५२ ला आपण संस्पंदन ऊर्जा (इलेक्ट्रॉन वलयभर पसरल्याने मिळणारे जादा स्थैर्य) म्हणतो. मात्र दोन दुहेरी बंध असलेल्या १,३-सायक्लोहेक्झाडाईनमध्ये, जे अ‍ॅरोमॅटिक (बेन्झिनसारखे खास स्थिर वलय असलेले) नाही, २४० ऐवजी सुमारे २३२ मिळते. म्हणजे दुहेरी बंध एकाआड एक आल्यानेच थोडे स्थैर्य येते. मग निव्वळ अ‍ॅरोमॅटिकपणाचा वाटा वेगळा काढण्यासाठी कोणता संदर्भ घेणे योग्य ठरेल? ब्रोमिनबरोबर बेन्झिन समावेशन (दुहेरी बंधाला ब्रोमिन जोडले जाणे) टाळून प्रतियोजन (हायड्रोजनच्या जागी ब्रोमिन येणे), तेही फेरिक ब्रोमाइडसारखा उत्प्रेरक असेल तेव्हाच, का स्वीकारते, हे त्या आकड्यावरून विद्यार्थ्यांना पटवून द्यायचे आहे. जाणकारांनी कृपया सविस्तर मार्गदर्शन करावे.