अनुभव धागा : खटल्याच्या घरातली आई

परवा माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत आमचं जुनं रेशनकार्ड सापडलं. माणसं अकरा. सात भावंडं, आई-वडील, आजी आणि शिकायला ठेवलेला एक चुलतभाऊ. आमटीत पाणी किती घालायचं हे आई दारातल्या चपला मोजून ठरवायची. पाहुण्याला कळायचंही नाही.

तुमच्याही घरी अशी आई असेल तर लिहा. 'खस्ता खाल्ल्या' एवढ्यावर थांबू नका, ती नेमकं काय करायची ते सांगा.

सोलापूरकरीण
आम्ही घरात तेलुगू, गल्लीत मराठी. अम्मा विड्या वळायची. तेंदूची पानं रात्री भिजवून ओल्या फडक्यात गुंडाळायची, पहाटे पत्र्याचं माप ठेवून कात्रीने कापायची. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, आणि त्याच मांडीला टेकून धाकटा झोपलेला. हजार विड्या म्हणजे पंचवीस-पंचवीसचे चाळीस कट्टे. तोंडं मुडपायचं काम आम्हा चौघी बहिणींचं. सगळं करून कारखान्यात नेलं की छाट निघायची. बाद विड्यांचे पैसे नाहीत, आणि त्या विड्याही परत नाहीत! हा हिशेब मला अजून पटलेला नाही. अम्मा मात्र भांडायची नाही, दुसऱ्या दिवशी जास्त वळायची. पुढे काम सुटलं, तरी टीव्ही बघताना पदराचं टोक बोटांत वळत बसायची.

बीडवाला
१९७२ चा दुष्काळ. आई तळ्याच्या कामावर मातीच्या पाट्या वाहायची. तिथे सुकडी मिळायची, ती न खाता पदरात बांधून आणायची. आम्ही सहा जण वाटेवरच गाठायचो तिला. रेशनवरच्या लाल मिलो ज्वारीची भाकरी थापताना चिरायची. तिला स्वतःला तुकडेच यायचे.

शेंडेफळ
आम्ही नऊ. मला हाक मारायची तर आई थोरल्यापासून नावं घेत खाली उतरायची. मधे एक म्हशीचंही असायचं.

थोरली
राग येईल कुणाला, पण लिहिते. 'आईने सातांना वाढवलं' असं सगळे म्हणतात. शेवटचे तीन माझ्या कडेवर वाढले. आई लावणीला गेली की पोर माझ्याकडे, आणि पोर घेऊन वर्गात बसू देईनात. चौथीत शाळा सुटली. लग्नानंतर एकदा माहेरी आले तेव्हा तिला विचारलंच. ती मासळी साफ करत होती. मान वर न करता म्हणाली, "मग कुणाला सांगितलं असतं, बाय?" मला उत्तर सुचलं नाही. कोयती घेतली आणि तिच्याशेजारी बसले.

धागाकर्ती
थोरली, तुमचं वाचून कार्ड पुन्हा उघडलं. ताईचं वय नऊ लिहिलंय. चपला मोजून यायला आई तिलाच पाठवायची, हे आत्ता आठवलं.