मदत हवी आहे: सड्यावरचे सरडे मोजायचे कसे?

देवगडजवळच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या पठारावर, ऑक्टोबरभर सरडे पाहतोय. सकाळी आठला कातळावर अंग शेकत पसरलेले असतात, अकरानंतर एकही दिसत नाही. चारनंतर पुन्हा मुंडकी वर. वाळवंटातल्या सांड्याचं (काटेरी शेपटीच्या सरड्याचं) बरं, ज्याचं त्याचं बीळ, मोजणी सोपी. इथे तोच सरडा दोनदा मोजला जातो की काय, कळत नाही. अंगावर रंगाची खूण करायला मन धजत नाही.

दुसरं, सुट्या दगडांखाली पाली असतात. पांढऱ्या पट्ट्यांची पाल तर कोकणातल्या सड्यांचीच. 1963 साली शास्त्रीय नाव मिळालं. दगड उलटावेत का? परवा एक उचलला, खाली दोन अंडी! तसाच अलगद ठेवला. दगडाचं तापमान कशाने मोजता? अनुभवी मंडळी, सांगा प्लीज.