लिनक्सनंतर बीएसडी: फ्री, ओपन की नेट?

प्रश्न (अमळनेर):
नमस्कार. चार वर्षे लिनक्स मिंट वापरल्यावर आता घरच्या जुन्या ६४-बिट संगणकावर (रॅम ४ जीबी) बीएसडी ही युनिक्स वंशातली संगणक प्रणाली (ऑपरेटिंग सिस्टिम) शिकण्याची इच्छा आहे. फ्रीबीएसडी, ओपनबीएसडी आणि नेटबीएसडी ही एकाच घरची भावंडे असली, तरी त्यांच्यातील नेमका फरक मला उमगलेला नाही. आमच्याकडे उन्हाळ्यात वीज केव्हाही जाते आणि यूपीएस नाही, हे लक्षात घेऊन सुरुवात कशापासून करावी, ते कृपया सांगावे.

उत्तर (जळगाव):
तिघांचेही मूळ बर्कली विद्यापीठातील युनिक्समध्ये आहे. नेटबीएसडी आणि फ्रीबीएसडी १९९३ मध्ये आल्या, तर १९९५ मध्ये नेटबीएसडीतून ओपनबीएसडी वेगळी झाली. नेटबीएसडीचा भर शक्य तितक्या प्रकारच्या यंत्रांवर चालण्यावर आहे आणि ओपनबीएसडीचा सुरक्षिततेवर; मिंटवर आपण वापरत असलेले ओपनएसएसएच (दूरच्या संगणकात सुरक्षितपणे शिरण्याचे साधन) तिथलेच. लिनक्स हे मुळात केवळ कर्नल (प्रणालीचा गाभा) असून वितरणे (मिंटसारखी तयार रूपे) त्याभोवती इतरांच्या साधनांची मोट बांधतात; बीएसडीत मात्र कर्नल आणि मूळ साधने एकाच प्रकल्पात घडतात.

विजेचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. ओपनबीएसडीच्या फाइल प्रणालीत जर्नल (बदलांची आगाऊ नोंदवही) नसल्यामुळे संगणक अचानक बंद पडला, की पुढच्या वेळी डिस्कची तपासणी होते आणि कधी ती हाताने पूर्ण करावी लागते. फ्रीबीएसडीत झेडएफएस ही फाइल प्रणाली निवडता येते. ती जुन्या माहितीवर न लिहिता नवी माहिती दुसऱ्या जागी लिहून मगच नोंद बदलते, म्हणून मध्येच वीज गेली तरी डिस्कवरची रचना सुसंगत राहते. शेवटच्या काही क्षणांचे काम तेवढे जाऊ शकते. माझ्या मते आपण फ्रीबीएसडीच घ्यावी; तिची हँडबुक ही पुस्तिका नवख्यालाही हाताशी धरून नेते.

उत्तर (धुळे):
निवड मलाही पटते, पण एक गोष्ट आधी सांगायला हवी. ओपनबीएसडीत चित्रमय पडद्याची व्यवस्था सोबतच येते. फ्रीबीएसडीची मूळ स्थापना बहुधा केवळ अक्षरांच्या काळ्या पडद्यावरच संपते आणि एक्सॉर्ग (चित्रमय पडद्याचा पाया), एक्सएफसीई (डेस्कटॉप) व देवनागरीसाठी नोटो फाँट आपल्याला स्वतः बसवावे लागतात. स्थापनेच्या वेळी आपले खाते व्हील गटात घालण्यास विसरू नये, अन्यथा त्या खात्यातून रूट (सर्वाधिकार असलेला वापरकर्ता) होता येणार नाही. ब्रॉडकॉमच्या अनेक वाय-फाय चिप बीएसडीवर अडतात, म्हणून मिंट पुसण्यापूर्वीच एलएसपीसीआय आज्ञेने आपली चिप पाहून घ्यावी.

प्रश्नकर्ता:
दोघांचेही मनापासून आभार. पाहिले, तर चिप ब्रॉडकॉमचीच निघाली. राउटरपासून केबल ओढून घेतो आणि रविवारी सकाळी झेडएफएससह फ्रीबीएसडी बसवतो.