काचेतून आलेलं ऊन सापाला कामाचं नाही

काही जण म्हणतात की पाळलेल्या सापाची काचेची टाकी खिडकीपाशी ठेवली की त्याला ऊन आपोआप मिळतं. मिळते ती नुसती उष्णता. अंगात ड-३ जीवनसत्त्व बनायला लागणारे यूव्हीबी (उन्हातले अतिनील) किरण साध्या काचेतच अडतात. उलट बंद टाकीत उष्णता कोंडते आणि आपल्याकडच्या एप्रिलच्या उन्हात काही मिनिटांत साप दगावू शकतो. उन्हाची उपयुक्तताही सरसकट सारखी नाही: यूव्हीबी दिल्यावर कॉर्न स्नेक या अमेरिकी सापाच्या रक्तातलं ड-३ वाढलेलं दिसलंय, बॉल पायथन या आफ्रिकी अजगरामध्ये तसं आढळलं नाही. अख्खा उंदीर खाणाऱ्या सापाला ते खाण्यातूनही मिळतं. त्यामुळे ऊन नाही म्हणून साप आजारी पडेल, ही भीती सोडा.

द्यायचंच असेल तर बारीक जाळीचा, कडी लागणारा पिंजरा घ्या. अर्ध्यावर ओलं बारदान, आत लपायला डबा आणि पाण्याचं भांडं. स्लॅबवर किंवा पत्र्यावर ठेवू नका, खालून भाजतं. लातूर-परभणीकडे डिसेंबर-जानेवारीत सकाळी नऊ-दहाला १५-२० मिनिटं पुरे. मार्च ते जून नकोच. तळाचं तापमान टेम्परेचर गननं बघत राहा, ३३ अंशांवर गेलं की आत. साप तोंड उघडून श्वास घेऊ लागला किंवा जाळीला धडका देऊ लागला तर लगेच सावलीत न्या, साधं पाणी शिंपडा. बर्फ अजिबात नाही. खाल्ल्यावर दोन दिवस आणि कात टाकायच्या आधी डोळे निळसर झालेले असताना हलवू नका. अल्बिनो (जन्मतः रंगद्रव्य नसलेल्या) सापाचे डोळे तर प्रखर उजेडाला फारच नाजूक.